जुलैची साडेसाती

गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा असा उतरलेला की मला वाटलं, व्हिसाचं काहीतरी बिनसलं.

"दादा, रेघ सरकली रे."

"कसली रेघ?"

"सॉकरची. वयोगटाची."

तिला दोन मुलं. थोरली डिसेंबरची, धाकटा 22 जुलैचा. दोघंही सॉकर खेळतात, म्हणजे ती दोघं खेळतात आणि त्यांचे आईबाप गाडी चालवतात. आजवर वयोगटाची रेघ 1 जानेवारीला होती. एका कॅलेंडर वर्षात जन्मलेली पोरं एका गटात. त्या हिशेबात डिसेंबरची भाची आपल्या गटातलं शेंडेफळ आणि जुलैचा भाचा बरोबर मधोमध. 2026-27 च्या मोसमापासून रेघ 1 ऑगस्टला जाते. आता भाची गटात पाचव्या महिन्याची, खाऊन-पिऊन सुखी. आणि भाचा थेट शेवटच्या पंगतीत. एकाच घरात, एकाच दिवशी, एकीची साडेसाती संपली आणि दुसऱ्याची लागली.

भाच्याचं सिझेरियन होतं. डॉक्टरांनी दोन-तीन तारखा दिल्या होत्या, आणि आमच्या आईने इथून पंचांग बघून 22 ला सकाळचा मुहूर्त कळवला होता. ग्रह उत्तम पडले होते. पण अमेरिकन सॉकरची रेघ पंचांगात छापत नाहीत. आईला हे कळल्यापासून ती गप्प आहे. आईची गप्प बसण्याची ही पहिलीच वेळ, त्याबद्दल मी अमेरिकेचा आभारी आहे.

या रेघेचा इतिहास ऐका. अमेरिकेत ती आधी 1 ऑगस्टलाच होती. 2015 साली तिथल्या सॉकर महासंघाने जाहीर केलं की आता जगाबरोबर चालायचं, रेघ 1 जानेवारीला. 2017 पासून सगळ्यांना सक्ती. जगाबरोबर चालताना तिसरी-चौथीच्या वर्गातल्या पोरांची मात्र ताटातूट झाली, कारण शाळेची रेघ वेगळी आणि मैदानाची वेगळी. बाकावर शेजारी बसणारे दोघं मैदानावर दोन निरनिराळ्या गटांत. आठवीतल्या पोरांचे तर आणखी हाल. संघातले निम्मे गडी एक यत्ता पुढे, ते नववीत जाऊन हायस्कूलच्या संघातून खेळायला लागले, की मागे राहिलेल्यांना संघच उरत नाही. त्यांना तिकडे ‘ट्रॅप्ड प्लेअर’ म्हणतात. सापळ्यात अडकलेले. नोव्हेंबर 2024 मध्ये महासंघाने हात झटकले आणि आपापली रेघ आपापली ओढा म्हणून संघटनांना सांगितलं. पुढच्या वर्षी मोठ्या संघटनांनी 1 ऑगस्ट ठरवलं. म्हणजे दहा वर्षांनी गाडी पुन्हा त्याच स्टेशनात. मधल्या काळात जी पोरं चढली-उतरली त्यांचं काय, हे विचारायचं नसतं. धोरण आहे ते.

आपल्याकडे ही भानगड नाही. आपल्याकडे रेघ जागेवर राहते आणि बाप मुलाची तारीख सरकवतो.

त्यातही आपली एक थोर परंपरा आहे, ती म्हणजे 1 जून. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप सांगायचा, "मोठा पूर आला होता बघा, त्या वर्षी." मास्तर पुराचं वर्ष काढायचे आणि पुढे 1 जून ठोकून द्यायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, पोरगं त्या दिवशी प्रवेशाच्या वयाचं होतं, विषय संपला. आजही 1 जूनला फेसबुक उघडलं तर निम्मी मित्रयादी वाढदिवसाचे केक कापत असते. आम्ही त्याला हसतो. पण जरा विचार करा, सगळ्यांचा वाढदिवस एकच असला की गटात थोरला-धाकटा उरतोच कुठे? निदान कागदावर तरी. मैदानावर ज्याला मिशा फुटल्यात त्याच्या फुटल्यातच.

मिशांवरून आठवलं. वय चोरणाऱ्यांना पकडण्यासाठी जगाने बरीच यंत्रं आणली आहेत. फिफाने 2009 च्या नायजेरियातल्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. आपल्या क्रिकेट मंडळाची हाडाचं वय काढणारी टीडब्ल्यू-3 चाचणी आहे. दोन वर्षं चोरलीस तर तू लबाड. पण रेघेच्या आतले अकरा-साडेअकरा महिने? ते कायदेशीर. आठ वर्षांच्या पोरासाठी एक वर्ष म्हणजे अख्ख्या आयुष्याचा आठवा हिस्सा. या वयात पोरं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. चेंडू मात्र दोघांना एकाच मापाचा.

आता राशिभविष्य.

आम्ही पुरोगामी मंडळी रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य वाचतो आणि मग हसतो, या क्रमाने. जन्मतारखेवरून माणसाचं भवितव्य कळतं हे आम्हाला मान्य नाही. फुटबॉल प्रशिक्षकांनाही मान्य नाही. पण निवड झालेल्या पोरांच्या जन्मतारखा मांडून बघितल्या तर असं भविष्य निघतं की ज्योतिषाने लाजून दुकान बंद करावं. 1985 साली कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आइस हॉकीपटूंच्या तारखा मांडल्या. तिकडे रेघ 1 जानेवारीची. वरच्या स्तरावर जानेवारी-फेब्रुवारी-मार्चवाल्यांची झुंबड आणि वर्षाच्या शेवटी शुकशुकाट. असं सांगतात की हे पहिल्यांदा दिसलं ते बार्न्सलींच्या पत्नीला. सामना बघायला गेल्या होत्या आणि खेळाडूंची माहितीपत्रिका चाळत होत्या. सामन्यात गुंतलेल्या हजारोंना जे दिसलं नाही ते चाळा म्हणून कागद वाचणाऱ्या बाईंना दिसलं. नवऱ्याबरोबर सामन्याला जाणाऱ्या समस्त भगिनींनी नोंद घ्यावी.

यावर कुणी म्हणेल, थंडीत जन्मलेली पोरं जात्याच काटक असतील, हिवाळ्याचं डिंकाचं लाडूबिडू. तर मग बेल्जियम बघा. तिकडे 1997 पर्यंत फुटबॉलची रेघ 1 ऑगस्टला होती, तोवर निवड झालेल्या पोरांत ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरवाल्यांची चलती. म्हणजे सिंह, कन्या, तूळ. 1997 साली रेघ 1 जानेवारीला नेली आणि पुढच्या काही वर्षांत गुरू पालटला. आता मकर, कुंभ, मीन. आकाशातल्या एकाही ग्रहाने जागा सोडली नव्हती. वेर्नर हेल्सन नावाच्या तिथल्या प्राध्यापकांनी हे मांडून दाखवलं. 1999 मध्ये मुश आणि हे या दोघांनी जर्मनी, जपान, ब्राझील, ऑस्ट्रेलिया अशा चार टोकांच्या चार देशांचे हिशेब लावले. हवा वेगळी, अन्न वेगळं, रेघ वेगळी. पण जिथे रेघ, तिच्या पलीकडच्या तीन महिन्यांत गर्दी.

तरीही निवड चाचणीला हातात शिट्टी घेऊन उभा असलेला इसम छातीठोक सांगतो, "आपल्याला टॅलेंट लगेच दिसतं." दिसतं ना. दोन इंच उंच असतं ते.

खरी मेख मात्र रेघेत नाही. रेघ कुठेतरी ओढावीच लागणार. सगळ्या बाळांना एकाच दिवशी जन्मायला सांगता येत नाही, मास्तरांनी प्रयत्न करून पाहिला. मेख आहे ती रेघेनंतर जे होतं त्यात. आठव्या-नवव्या वर्षी पोरांना उभं करायचं, दोन तासांत निवड उरकायची आणि ए टीम, बी टीम, सी टीम पाडायच्या. ए टीमला क्लबचा उत्तम प्रशिक्षक. सराव जास्त, मैदान हिरवं, समोर तगडे प्रतिस्पर्धी, शनिवार-रविवार परगावच्या स्पर्धा. बी टीमला कुणाचा तरी उत्साही बाबा आणि राहिलेलं मैदान. दोन वर्षांनी पुन्हा चाचणी घ्यायची. ए टीमची पोरं आता खरोखरच चांगली खेळत असतात, कारण तुम्ही त्यांना खेळायला शिकवलं. मग म्हणायचं, बघा, आमची निवड किती अचूक होती. एका पोराला रोज दूध द्यायचं, दुसऱ्याला ताक, आणि दोन वर्षांनी वजनकाटा आणून म्हणायचं, याची हाडंच मजबूत.

आणि हे सगळं पैसे घेऊन. क्लब सॉकरची फी, गणवेश, प्रवास, हॉटेलं धरून बहिणीचे एका पोरामागे वर्षाला तीनेक हजार डॉलर जातात. गंमत म्हणजे बी टीमची फी काही निम्मी नसते. शिवाय संघांना ए, बी म्हणत नाहीत, पोरांच्या मनाला लागतं म्हणून. रेड, व्हाइट, ब्लू म्हणतात. किंवा एलिट, प्रीमियर, सिलेक्ट. सगळ्याच संघांची नावं अशी की वाटावं सगळेच पहिले. आपल्या इंग्रजी शाळांत तुकड्यांना गुलाब, मोगरा, जाई अशी नावं देतात ना, तसं. गुलाबात हुशार पोरं असतात हे शिपायालासुद्धा ठाऊक असतं.

आमच्या लहानपणी याला एक शब्द होता. लिंबूटिंबू. लगोरी असो, डबा ऐसपैस असो, आट्यापाट्या असोत, कुणाचा तरी चिल्लापिल्ला भाऊ मागे लागायचा आणि त्याची आई खिडकीतून ओरडायची, "त्यालाही घ्या रे!" मग तो लिंबूटिंबू. तो पळणार, ओरडणार, सगळ्यांत जास्त दमणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. आउट झाला तरी आउट नाही. त्याचा अपमान होत होता का? थोडा होत असावा. पण तो खेळत मोठ्यांबरोबर होता, त्यांच्यात घुसत होता, त्यांची चलाखी बघत होता. पुढच्या मे महिन्यात तोच पोरगा डबा उडवून सगळ्यांना सोडवायचा. वेगळ्या मैदानावर, वेगळ्या रंगाचा शर्ट घालून, फक्त इतर लिंबूटिंबूंबरोबर त्याला कुणी खेळायला लावत नव्हतं. आणि त्याच्या आईकडून वर्षाला तीन हजार डॉलर घेत नव्हतं.

इथे एक काका हटकून उठतात. प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतात. म्हणतात, "अंगात असलं की पोरगा वर येतोच. एम्बापे डिसेंबरचा आहे!" बरोबर आहे काका, किलियन एम्बापे 20 डिसेंबरचा. आपला बायचुंग भुतियासुद्धा 15 डिसेंबरचा. 2017 मध्ये 17 वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबई आणि मडगावलाही सामने झाले. रेघ होती 1 जानेवारी 2000. त्यात दिल्लीला कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर डोक्याने ज्याने गोल मारला तो जीक्सन सिंग जून 2001 चा, म्हणजे रेघेपासून जवळजवळ दीड वर्ष दूरचा. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. आणि त्या संघातला आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव, तोही वर्षाच्या मधल्या महिन्यांतला.

आणि हॅरी केन. त्याचं उदाहरण तर काकांनी फ्रेम करून लावावं. इंग्लंडमध्ये रेघ 1 सप्टेंबरची, केन 28 जुलै 1993 चा. आर्सेनलने त्याला आठ-नऊ वर्षांचा असताना नारळ दिला. गुटगुटीत होता म्हणे, फारसा चपळ नव्हता. आज इंग्लंडसाठी सर्वाधिक गोल त्याच्या नावावर आहेत. काका खूश. पण काका, केन दुसऱ्या क्लबच्या दारात जाऊन पुन्हा उभा राहिला, म्हणून तो आपल्याला माहीत आहे. त्याच सकाळी नारळ घेऊन घरी गेलेली, बूट माळ्यावर टाकून व्हिडिओ गेमकडे वळलेली जुलैची बाकी पोरं कुठल्या पोस्टरवर आहेत? संशोधक असंही सांगतात की शेवटच्या महिन्यांतली जी पोरं चाळणीतून टिकतात ती पुढे बऱ्याचदा थोरल्यांना मागे टाकतात, कारण ताकद नव्हती म्हणून त्यांना डोकं वापरावं लागलं. असेलही. पण म्हणून पोराला मुद्दाम शेवटच्या पंगतीत बसवून ‘उपाशी राहिलास की भूक छान लागते’ म्हणणाऱ्या आचाऱ्याला मी तरी शाबासकी देणार नाही.

यावर उपाय शोधणारे आहेत. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठातल्या मंडळींच्या मदतीने प्रीमियर लीगने एक प्रयोग केला. जन्मतारीख बाजूला ठेवायची आणि पोरगं आपल्या पुऱ्या उंचीच्या किती टक्के झालंय यावर गट करायचे. आता पुरी उंची आधी कशी कळणार? तर पोराची उंची-वजन घ्यायचं आणि आईवडिलांची उंची विचारायची. बहीण म्हणाली, "म्हणजे पुन्हा स्थळ बघण्याचा कार्यक्रम. मुलाची आई किती फूट?" बेल्जियमने उशिरा वाढणाऱ्या पोरांसाठी राष्ट्रीय स्तरावर एक वेगळाच संघ काढला, नेहमीच्या संघाला समांतर. निदान ती पोरं कुणाच्या तरी डोळ्यांसमोर राहावीत म्हणून.

मला सगळ्यांत आवडला तो हॉलंडमधला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला. पीएसव्ही आइंडहोवन क्लबच्या हेरांना, म्हणजे गुणी पोरं हेरणाऱ्यांना, 11 वर्षांखालच्या पोरांचे सामने दाखवले आणि गुणवत्तेप्रमाणे क्रम लावायला सांगितलं. काहींना वयाबद्दल काहीच सांगितलं नाही. त्यांनी अर्थातच थोरल्यांना वर काढलं. काहींच्या हातात जन्मतारखांचा कागद दिला. त्यांनीही थोरल्यांनाच वर काढलं. कागद हातात, पण डोळे मैदानावर. कागद नुसता हातात असून भागत नाही, हे ज्याने सरकारी कचेरीत अर्ज दिलाय त्याला वेगळं सांगायला नको. तिसऱ्या गटासाठी पोरांच्या पाठीवरचे आकडेच वयाच्या क्रमाने लावले. आकडा बघितला की थोरलं कोण, धाकटं कोण, लगेच कळतं. आणि पक्षपात गेला. यंत्र नाही, एमआरआय नाही, समिती नाही. कापडावर शिवलेला आकडा. इतका स्वस्त उपाय असल्यामुळे तो कुणी फारसा मनावर घेईल असं वाटत नाही.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे काहीच न करणं. नॉर्वेत ब्रिना नावाचं छोटं गाव आहे. तिथे 1999 आणि 2000 सालची साधारण 40 पोरं एकत्र सराव करत होती. आल्फ इंग्वे बेर्नत्सन हे त्यांचे प्रशिक्षक. कुणाला गाळलं नाही. लहानपणी ए-बी पाडलं नाही. नॉर्वेच्या खेळ-नियमांतच लहान पोरांच्या स्पर्धांना आणि गुणतक्त्यांना लगाम आहे. त्या 40 जणांत 21 जुलै 2000 चा एक किडकिडीत पोरगा होता. एर्लिंग हालांड. तेव्हा तो आजच्यासारखा दरवाजाएवढा नव्हता, अंगाने मोठ्या पोरांच्या पुढे त्याला जागा शोधत पळावं लागायचं. तीच खोड त्याला आज बचावपटूंच्या मागून निसटताना कामी येते. त्याला कुणी नवव्या वर्षी निळा शर्ट देऊन पलीकडच्या मैदानावर पाठवलं असतं तर काय झालं असतं, हे विचारून मी मँचेस्टर सिटीच्या चाहत्यांची झोप उडवणार नाही.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. आकड्याच्या शर्टाचं ऐकून ती हरखली. म्हणाली, "क्लबला मेल करते." मेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं. आपल्या सूचनेबद्दल आभार, आमचे प्रशिक्षक वयाचा पूर्ण विचार करतात, आणि हो, निवड चाचणीची फी अजून भरलेली दिसत नाही.

फी भरली. गेल्या शनिवारी चाचणी झाली. भाचा आपल्यापेक्षा डोकंभर उंच पोरांत दोन तास पळाला, एकदा पडला, एकदा गोलाच्या अगदी जवळ गेला. निकाल मेलवर आला. आमच्या आईने गप्प राहणं सोडून फोन मागितला आणि विचारलं, "कुठल्या संघात घेतलं रे माझ्या राजाला?"

"ब्लू, आजी."

"अरे वा! निळा म्हणजे छानच की. कितवा असतो तो?"

"थर्ड."

"तीनातला?"

"तीनातला."

सराव ऑगस्टपासून आहे. ए टीमचा जुलैतच सुरू होतो.